वाडीतल्या इस्राएल कबरी : सातबाऱ्यावर नोंद कशी करावी आणि दगडांवरचं कुणी वाचून देईल का?

वाडीतली_माई

नमस्कार मंडळी. मी अलिबाग तालुक्यातली, वय ५८, प्राथमिक शाळेतून निवृत्त. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर कुंपणाचे दोन घडीव दगड रात्रीत नाहीसे झाले, तेव्हापासून जपून बोलते.

आमची वाडी ६२ गुंठ्यांची. माड, पोफळी, आठ-दहा रायवळ आंबे, रहाटाची विहीर. विहिरीच्या पलीकडे पश्चिमेच्या कोपऱ्यात चार गुंठ्यांचा तुकडा आहे, त्याभोवती कमरेइतका काळ्या दगडाचा गडगा. आत कबरी आहेत. एकाच इस्राएल (म्हणजे कोकणातल्या ज्यू) कुटुंबाच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. मी मोजल्या त्या २३. त्यातल्या १४ दगडांवर अक्षरं आहेत, कुठे मराठी, कुठे त्यांची हिब्रू, कुठे दोन्ही. उरलेल्या नऊ म्हणजे नुसते काळे धोंडे, उशाशी एक आणि पायाशी एक. आजी सांगायची, धोंड्यांच्या कबरी सगळ्यात जुन्या, तेव्हा लिहायची पद्धतच नव्हती.

बाहेरच्यांना नवल वाटतं म्हणून थोडं सांगते. आमच्या भागात हे लोक शेकडो वर्षं राहिले. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं ते स्वतः सांगतात. नवगावला त्यांची स्मारकाची जागा आहे. गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच: किहीमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, आवासकर. आमच्या वाडीच्या मूळ मालकांच्या आडनावात आमच्याच गावाचं नाव होतं. अलिबागेत इस्राएल आळी आहे आणि तिथलं प्रार्थनामंदिर १८४८चं. जुनी माणसं त्याला इस्राएलांची मशीदच म्हणतात.

ते कुटुंब १९६३ साली सगळं आवरून इस्रायलला गेलं. जाताना वाडी माझ्या आजोबांना विकली. पैसे मोजून झाल्यावर त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ आजोबांना हाताला धरून गडग्याच्या आत घेऊन गेले. म्हणाले, इथे कुदळ लावायची नाही, आणि आमचं कुणी आलं तर वाट अडवायची नाही. आजोबांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन हो म्हटलं. आजी घागर घेऊन तिथेच उभी होती, म्हणून हे मला माहीत. कागदावर यातलं काही नाही. खरेदीखत मी परवाच ट्रंकेतून काढून वाचलं. त्यात जुन्या दस्तांत असतं तेच आहे: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. कबरींचा उल्लेख नाही. उद्या कुणी म्हणालं की "पाषाण" म्हणजे हे दगडही आले, तर मी काय दाखवू?

आजीने तो शब्द पाळला. गडग्याच्या आत शेण टाकायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही. सर्वपित्रीला आमच्या पितरांचं पान ठेवून झालं की एक पणती गडग्यावर. आम्ही पोरं आतल्या चाफ्यावर चढायचो तर ओरडायची, "निजलेल्या माणसांच्या अंगावरून जाऊ नये गो."

१९८३च्या डिसेंबरात त्यांच्यातलं एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको आणि दोन मुलं. मुलांना मराठी येत नव्हतं, आईबापांना आपल्यासारखं येत होतं. बाई आमच्या ओटीवर बसून आजीच्या गळ्यात पडून रडली. मग चुलीपाशी बसून त्यांनी पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची घालून मलिदा केला, फळं मांडली, प्रार्थना केली आणि आम्हा सगळ्यांना दिला. निघताना त्या मुलांनी ओहोळातले गोल खडे आणून प्रत्येक कबरीवर एकेक ठेवला. का ते विचारायचं राहून गेलं. पण नंतर वाऱ्यापावसाने खडा खाली पडला की आजी तो परत वर ठेवायची. १९९१ला ती गेली. पुढे मी माहेरी आले की ठेवते.

आता अडचण. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आतला मोठा आंबा मुळासकट पडला. दोन कबरींचे दगड फुटले, एक मुळांबरोबर उचलला जाऊन तिरका झाला. गडगा दोन ठिकाणी ढासळला. घाणेरी आणि रानमोडी इतकी माजली की आत पाय ठेववत नाही. त्याच वर्षी मांडव्याला मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाली आणि आमच्याकडे जमिनीचं बोलणं सुरू झालं. मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. सातबाऱ्यावर आता मी आणि दोन भाचे. भाच्यांना वाडी विकायची आहे. ते वाईट नाहीत, कर्ज आहे, वाडीत राबायला माणूस मिळत नाही, मला समजतं. पण ज्याने जागा बघितली तो मला तोंडावर म्हणाला, "तो कोपरा आम्ही साफ करून घेऊ, ताई."

आजोबांनी दिलेला शब्द ठाऊक असलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आजोबा, आजी, वडील, भाऊ सगळे गेले. मी आहे तोवर ते कागदावर यावं एवढंच मला हवं आहे. म्हणून विचारते:

एक, सातबाऱ्यावर ही नोंद कशी करतात? दोन, सोबत टाकलेले १४ दगडांचे फोटो कुणी वाचून देईल का? फोटो ३ वर "शके १८२५" आणि "सोमवार" एवढं मला लागतं. आणि फुटलेल्या दगडांचं काय करू? गवंडी म्हणतो सिमेंटने जोडून वरून ऑइलपेंट मारू.

---

निवृत्त_मंडळ_अधिकारी

माई, मी महसुलात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीच कोकणात. क्रमाने सांगतो.

सध्याचा सातबारा काढा आणि पोटखराबाचा रकाना बघा. पोटखराबात दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे लागवडीला नालायक, खडक वगैरे. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कारणासाठी राखलेली किंवा वापरातली जमीन: रस्ता, पाणवठा, आणि एखाद्या समाजाची दफनभूमी अथवा दहनभूमी. म्हणजे कायद्याच्या नियमांत तुमच्या चार गुंठ्यांना आधीपासून घर आहे. तुमच्याकडे ते क्षेत्र लागवडीत धरलं गेलंय की पोटखराबात, आणि पोटखराबात असेल तर कोणत्या वर्गात, यावर पुढचं ठरेल.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या गटाचं टिपण, फाळणी नकाशा आणि गुणाकार बुक या जुन्या मोजणीच्या कागदांची नक्कल मागा. गट होण्याआधीचे सर्व्हे नंबर शोधा. जुन्या मोजणीदारांनी कबरी असलेला तुकडा नकाशात वेगळा दाखवला असेल तर अर्धं काम झालं. तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या सर्व्हे नंबराचे जुने फेरफारही पाहा.

त्यानंतर मोजणीचा अर्ज. मोजणीदार येईल तेव्हा गडग्याच्या चारी कोपऱ्यांना खुणा दाखवा आणि मोजणीनंतर मिळणाऱ्या "क" प्रत नकाशात कबरस्तानाचा तुकडा क्षेत्रासह दाखवून घ्या. विहिरीकडून येणारी पायवाटही दाखवा, ती विसरू नका. वाटेशिवाय कबरस्तान म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्याचं अंगण.

आता दस्त. नुसत्या अर्जावर सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात नोंद घ्यायला तलाठी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कचरतील. तुम्ही तिघा सहहिस्सेदारांनी मिळून नोंदणीकृत घोषणापत्र करा: इतकं क्षेत्र दफनभूमी, त्यात खोदकाम-बांधकाम नाही, अमुक रुंदीची वाट कायम खुली. ते जोडून फेरफार मागा. नोटीस निघेल, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतील. भाच्यांच्या सह्या त्यांना पैसे मिळायच्या आधी मिळतात, नंतर नाही. म्हणून हे विक्रीच्या आधी करा. आणि विक्री झालीच तर खरेदीखतात ते क्षेत्र स्पष्ट शब्दांत वगळा, चतुःसीमेसह. "पाषाण" तुम्ही बरोबर पकडलात. तो शब्द तिथे छापील नमुन्यातून येतो. वगळलेलं क्षेत्र वेगळं लिहिलं की तो कबरींना लागू होत नाही.

सर्वात पक्का मार्ग म्हणजे तेवढा तुकडा त्या समाजाच्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला देणं. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, १९५०च्या कायद्याचं कलम ३६. मात्र शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे जाताना कूळकायद्याच्या कलम ६३ची परवानगी लागते. वेळ जाईल, पण मार्ग आहे.

आणि "साफ करून घेऊ" म्हणणाऱ्याला एवढं सांगा. भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे ठाऊक असताना दफनभूमीत शिरून विटंबना करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९७ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१. जमीन कुणाच्या नावावर आहे यावर ते अवलंबून नाही.

---

अश्दोदकर

माईबाई, शालोम आणि नमस्कार. मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो. जन्म पनवेलचा, दहा वर्षांचा होतो तेव्हा इथे आलो. घरात अजून मराठीच. तुमचं लिहिलेलं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. खड्यांच्या ठिकाणी मला थांबावं लागलं.

आधी त्याचंच उत्तर. आमच्यात कबरीवर खडा ठेवतात, तो "मी येऊन गेलो, विसरलो नाही" यासाठी. फूल सुकतं, दगड राहतो. तुमच्या आजीने खाली पडलेले खडे परत ठेवले, म्हणजे त्या मुलांच्या वतीने ती इतकी वर्षं भेट देत राहिली. तिच्या नावाने आज आमच्या घरी दिवा लावला आहे.

फोटो ३. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. शेवटच्या ओळीत चार अक्षरं आहेत: ताव, रेश, सामेख, दालेत. म्हणजे ४००, २००, ६०, ४. बेरीज ६६४. पुढचे पाच हजार लिहीत नाहीत, ते धरायचे. वर्ष ५६६४. त्यातून ३७६० वजा करा, १९०४ येतं. पण आमचं वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून पहिले तीनेक महिने १९०३मध्ये पडतात. त्याच्या आधी "५ हेश्वान" आहे, म्हणजे २६ ऑक्टोबर १९०३. वार सोमवार. तुम्हाला लागलेला "सोमवार" बरोबर आहे.

आता वरची मराठी ओळ मी मोठी करून पाहिली. "कार्तिक शु॥ ६ शके १८२५" असं दिसतं. १८२५ अधिक ७८ म्हणजे १९०३. तुमचा महिना आणि आमचा महिना दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात, दोन्हींत अधिक महिना आहे, म्हणून तुमची षष्ठी आणि आमची पंचमी एका दिवशी आली. कोरणाऱ्याने दोन्ही पंचांगं बघून कोरलं आहे. ती बाई होती. नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोपात पाठवतो. वय ४२. "बिन" नाही, "बाथ" आहे, म्हणजे अमक्याची मुलगी. नवऱ्याचं नाव मराठीत आहे, बापाचं हिब्रूत. माहेर आणि सासर दोन लिपींत.

फोटो ७ आणि ८ एकाच वर्षीचे आहेत, लहान मुलं. बाकीचे शब्बाथ (आमचा शनिवारचा विसावा) उतरला की वाचतो. ११चा वाचता येईना, सावली पडली आहे.

धोंड्यांच्या कबरींबद्दल तुमची आजी बरोबर होती. आमच्या पूर्वजांना कोकणात शब्बाथ, सुंता आणि शेमाची प्रार्थना एवढंच उरलं होतं, हिब्रू वाचणं विसरलं गेलं होतं. दाविद राहाबी नावाच्या माणसाने येऊन बायकांना मासळी निवडायला सांगितली, त्यांनी खवले-परांची तेवढी बाजूला काढली (आमच्या धर्मात तेवढीच खातात), आणि त्याने ओळखलं की हे आपलेच, ही गोष्ट आमच्या घराघरात सांगतात. अक्षरं दगडावर आली ती बरीच नंतर. म्हणून कृपा करून त्या नऊ धोंड्यांना "नुसते धोंडे" म्हणून कुणी हलवू देऊ नका. आमच्यात पुरलेल्याला जागेवरून हलवत नाहीत. तुम्ही घोषणापत्रात २३ आकडा घाला, १४ नव्हे.

त्या आडनावाची माणसं इथे आहेत. दिमोना, लोद, अश्दोद, सगळीकडे विचारतो. १९८३ला आलेली मुलं आज पन्नाशीची असतील.

---

दगडफूल

माई, गवंड्याला थांबवा. मी दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून लगेच लिहितेय.

ऑइलपेंट अजिबात नको. दगडाच्या आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही, रंग फुगतो आणि जाताना अक्षराची कड घेऊन जातो. सिमेंट दगडापेक्षा कडक. ऊन-पावसात दोघं वेगळे ताणले जातात आणि सांध्याशेजारी नवी चीर पडते. गडगा बांधायचा तर जुन्याच दगडांनी, आणि आधी जिथे चुना होता तिथे चुन्यातच.

फुटलेले तुकडे आज जोडू नका. प्रत्येकाचा जागेवर फोटो, मग त्याच कबरीच्या आत, अक्षरं वर करून, खाली वाळूचा थर देऊन ठेवा. घरात नेऊ नका. "सुरक्षित राहील" म्हणून ओटीवर नेलेला दगड कुठल्या कबरीचा ते दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवाळ काढायला साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची चपटी काडी. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, साबण यातलं काही नको. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा कुंकू भरू नका. त्याऐवजी रात्री जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारा. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीने उठून दिसतात. ११चा फोटो तसा काढा, डावीकडून एक, उजवीकडून एक.

मुळांबरोबर उचललेला दगड मुळं ओढून सोडवू नका. खोड कापा, मुळं जागेवर कुजू द्या, एक-दोन पावसाळे जाऊ देत. रानमोडी फुलायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला उपटा. कोयत्याने छाटली तर दुप्पट येते. जेसीबी नको, कितीही स्वस्त पडला तरी. आणि चाफा ठेवा, तो कुणाच्या मुळावर उठत नाही.

जाता जाता एक. तुमच्या जवळच आक्षीला गधेगाळ (म्हणजे शाप) असलेला शिलालेख आहे, शके ९३४चा वाचतात. कितीतरी वर्षं तो रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात पडून होता. दिलेली जमीन कुणी मोडून खाऊ नये म्हणून खाली शाप कोरलेला. तुमच्या आजोबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते वाचताना मला तोच दगड आठवला.

---

मुरूडचा_दर्यावर्दी

माई, आमच्याकडेही हेच. आमचं खानदानी कबरस्तान, नारळीच्या बागेत, कोकणी मुसलमानांत असं बऱ्याच घरांचं असतं. अर्धं घर आखातात, बाग विकली गेली, वाटेची नोंद नव्हती. नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं आणि शब-ए-बरातला आम्ही बाहेर उभं राहून फातेहा पढला. दोन वर्षं कचेऱ्या केल्या तेव्हा चार फुटांची वाट मिळाली. मंडळ अधिकारी साहेब वाटेबद्दल म्हणतात ते सोन्यासारखं आहे. आठ फूट लिहून घ्या. खांद्यावर जनाजा घेऊन चार फुटांत वळता येत नाही. तुमच्याकडे आता दफन होणार नसेल, पण म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरून आणायचं म्हटलं तरी तेवढं लागतं.

---

वाडीतली_माई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सांगण्यासारखं काही हातात येऊ द्यायचं होतं.

टिपणाची नक्कल मिळाली. जुन्या सर्व्हे नंबरात त्या कोपऱ्यावर मोजणीदाराने चौकोन काढून आत "कबरी" असं मोडीत लिहिलंय. मोडी वाचणारे एक गुरुजी आहेत अलिबागेत, त्यांनी वाचून दिलं. सातबाऱ्यावर मात्र ते क्षेत्र पोटखराब वर्ग अ मध्ये धरलंय, म्हणजे खडक. ते ब मध्ये करून घेण्याचा अर्ज दिला. सोबत टिपणाची नक्कल जोडली.

भाच्यांशी बोलणं कठीण जाईल असं वाटलं होतं. धाकटा आला. त्याला मी खरेदीखत वाचायला दिलं नाही, अश्दोदकरदादांनी फोटो ३ बद्दल लिहिलं होतं ते दिलं. बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला. म्हणाला, "आत्या, म्हणजे हिचं माहेरचं नाव इथे फक्त तिच्या लोकांना कळेल अशा अक्षरात आहे?" मग दिवाळीच्या सुट्टीत दोन रविवार येऊन त्याने माझ्याबरोबर रानमोडी उपटली, मुळासकट. मोठा अजून घुटमळतोय. चार गुंठे आणि आठ फुटांची वाट वगळली तर भाव किती उतरेल याचा तो हिशेब करतोय. त्याच्यावर माझा राग नाही. पण घोषणापत्रावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय मी विक्रीच्या कुठल्याही कागदाला हात लावणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं आहे. घोषणापत्राचा मसुदा वकिलांकडे आहे. त्यात २३ घातलंय आणि प्रत्येक कबरीला क्रमांक देऊन नकाशा जोडलाय. वाट आठ फूट.

रात्री टॉर्च घेऊन गेलो होतो. दगडफूलताई, खरंच उठून दिसतात! ११ वर तीन ओळी आहेत. नवीन फोटो टाकले आहेत, डावीकडून आणि उजवीकडून. शिवाय पडलेल्या आंब्याच्या बुंध्याखाली आणखी एक उशाचा धोंडा निघाला, पायाचा अजून सापडला नाही. म्हणजे २४ होतात. मसुद्यात दुरुस्ती करायला सांगितली.

अश्दोदकरदादा, तुम्ही पाठवलेल्या त्या बाईंशी परवा फोनवर बोलले. १९८३ला आलेल्या दोघांतली मोठी. तिला आजीचं नाव आठवत नव्हतं, पण ओटीला हिरवा रंग होता आणि विहिरीचा रहाट वाजायचा हे आठवत होतं. मराठी तोडकंमोडकं बोलली. रहाट अजून आहे का विचारलं. आहे म्हटलं, वाजतोसुद्धा.

मोजणी जानेवारीत आहे. ११च्या दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर कुणाला लागलं तर सांगा.